फायदा कुणाचा? चिमूर १९४२



युद्धातल्या अत्याचाराची बातमी आली की आपल्या ग्रुपवर पहिला प्रश्न काय येतो? ‘यात फायदा कुणाचा?’ प्रश्न चुकीचा नाही. पण तेवढ्यावर थांबलं की काय होतं, ते चिमूरच्या उदाहरणातून बघू.

चंद्रपूर जिल्ह्यातलं चिमूर. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि इकडे ‘चले जाव’चा भडका उडालेला. १६ ऑगस्ट १९४२ ला गावात उठाव झाला, सरकारी अधिकारी मारले गेले. मग लष्कर आलं, पुरुषांची धरपकड झाली. बायकांनी सांगितलं, सैनिकांनी घरं लुटली, बलात्कार केले.

सरकारनं आरोप फेटाळले आणि चौकशीलाही नकार दिला. आता संशय दोन्ही बाजूंनी घेता येतो. काँग्रेसला बदनामीचा फायदा, म्हणून आरोप खोटे. किंवा सरकारला झाकण्याचा फायदा, म्हणून आरोप खरे. दोन्ही वाक्यं ऐकायला पटतात. पण पुरावा? एकातही नाही.

इथं हाच प्रश्न उलटा करून विचारायचा: ज्याला फायदा नाही, तो काय म्हणतोय? डॉ. मुंजे हिंदू महासभेचे, काँग्रेसचे विरोधक. महासभा ‘चले जाव’मध्ये नव्हती. तरी ते चिमूरला गेले, बायकांचं ऐकून घेतलं आणि त्यांच्या तक्रारी जाहीरपणे मांडल्या. अशा साक्षीचं वजन जास्त. म्हणजे लगेच सगळं सिद्ध होतं असं नाही, पण चौकशी व्हायलाच हवी एवढं नक्की ठरतं.

त्याच चौकशीसाठी प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. सरकारनं त्याच्या बातम्यांवर बंदी घातली. निषेध म्हणून ६ जानेवारी १९४३ ला देशातल्या अनेक वृत्तपत्रांनी अंकच काढला नाही. अखेर तडजोड होऊन उपोषण सुटलं, बातम्यांवरची बंदी उठली. बायकांनी मागितलेला न्याय मात्र मिळाला नाही.

म्हणून मंडळी, ‘फायदा कुणाचा’ हा प्रश्न कुठं शोधायचं ते सांगतो, काय घडलं ते नाही. ते साक्ष, पंचनामा आणि तपासातूनच कळतं. फॉरवर्ड करण्याआधी एवढं विचारा: तिथं कोण जाऊन आलं? त्यानं कुणाचं ऐकलं? आणि चौकशीला नाही कोण म्हणतंय?

भेटू पुढच्या भागात.