पाळणा लांबवायचा आहे, बंद करायचा नाही



या पानांवरून आम्ही नेहमी लागण, खोडवा, खते आणि पाणी याविषयी लिहितो. या खेपेचा विषय घरातला आहे. वाचून कोणी नाक मुरडू नये. जमल्यास हा अंक घरातल्या लेकी-सुनांच्या हाती द्यावा, ही विनंती.

मागच्या महिन्यात एक सभासद उसाची नोंद द्यायला गट ऑफिसात आले होते. नोंद झाली, तरी घुटमळत राहिले. सुनेचे पहिले मूल चौदा महिन्यांचे, आणि तिला पुन्हा दिवस गेलेले. डॉक्टरांनी रक्त फार कमी सांगितले होते. म्हणाले, "पोरगी एकवीस वर्षांची हाय. आपरेशन इतक्यात करायचं नाही, आणि असं वरचेवर बाळंतपण पण नको. मग मधलं काय हाय का नाही?"

मधले आहे. ते सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. पण ऑपरेशनखेरीज दुसरे काही असते हे बऱ्याच घरांत ठाऊकच नसते. आणि ठाऊक असले, तर भीती असते.

अंतर कशासाठी?

एकाच रानात ऊस काढून लगेच ऊस लावला तर काय होते, ते आम्ही सांगायला नको. बेवड लागतोच. बाई म्हणजे काही जमीन नव्हे, पण तिच्याही अंगातले रक्त एका बाळंतपणात आणि पुढे अंगावर पाजण्यात खर्ची पडते. ते भरून यायला वेळ लागतो. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी निदान दोन वर्षे जाऊ द्यावीत, म्हणजे दोन मुलांत सुमारे तीन वर्षांचे अंतर पडते, असे डॉक्टर सांगतात. अंतर कमी पडले की आईचे रक्त आणखी घटते, मूल दिवस भरण्याआधी होण्याचा किंवा कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो.

तांबी म्हणजे काय?

इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची, दीड इंचाहून लहान, प्लॅस्टिकची वस्तू. तिच्यावर तांब्याची बारीक तार असते, म्हणून तिला तांबी म्हणतात. शिकलेली नर्स किंवा डॉक्टर ती गर्भपिशवीत बसवतात. टाका नाही, चिरफाड नाही, काही मिनिटांचे काम. तांब्यामुळे पुरुषबीज निकामी होते आणि गर्भ धरत नाही. तांबीत कसलेही औषध नाही, त्यामुळे अंगावरचे दूध कमी होत नाही.

सरकारी केंद्रांत तांबी दोन तऱ्हेची असते. ३८० ए जातीची १० वर्षे चालते, ३७५ जातीची ५ वर्षे. मात्र मुदत संपेपर्यंत ठेवलीच पाहिजे असे नाही. मूल हवेसे वाटले की केंद्रात जाऊन काढून घ्यावी, त्यानंतर दिवस राहायला तिची आडकाठी राहत नाही. बसवलेल्या शंभर बायकांत वर्षभरात एखादीलाच दिवस जातात, किंवा तेही नाही.

कधी बसवायची?

बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर ४८ तासांच्या आत बसवता येते, म्हणजे बाई घरी येतानाच मोकळी. ते हुकले तर सहा आठवड्यांनी. एरवी पाळीच्या सुरुवातीचे दिवस सोयीचे, कारण तेव्हा दिवस गेलेले नाहीत याची खात्री असते. गर्भपात झाल्यावरही, जंतुसंसर्ग नसेल तर, लगेच बसवता येते.

पोटात संसर्ग असेल, अंगावरून कारण न कळता रक्त जात असेल, किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर आधी तपासणी आणि मगच तांबी. रक्त फार कमी असेल तेही डॉक्टरांना आधीच सांगावे.

जुनी भीती

"आमच्या वेळेला लूप बसवलेली, नुसता रक्ताचा पाट. तुझ्या वाटेला ते नको," असे कितीतरी सासवा सुनांना सांगतात. त्या खोटे बोलत नाहीत. १९६५ साली सरकारने लूपची मोहीम काढली. आकडे गाठायची घाई होती. बायकांना नीट न तपासता, पुढे काय होईल ते न सांगता लूप बसवले गेले. त्रास झाला तर विचारायला कोणी नव्हते. पुढे आणीबाणीत, १९७५ ते ७७ या काळात, नसबंदीची जबरदस्ती झाली. ज्याचे हात पोळले तो ताकही फुंकून पिणार.

म्हणून त्रास आम्ही लपवून ठेवीत नाही. तांबी बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने पाळीत रक्त जास्त जाऊ शकते, ओटीपोटात कळा येऊ शकतात. बहुतेकींचे हे हळूहळू कमी होते. केंद्रातून लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. काही जणींची तांबी आपोआप निसटते, म्हणून पहिली पाळी झाल्यावर एकदा दाखवून यावे. पाळी चुकली, पोटात जोराने दुखले, ताप आला, घाण वासाचे पाणी जाऊ लागले किंवा तांबीचा दोरा लागेनासा झाला, तर वाट न बघता केंद्र गाठावे. तांबी छातीत चढते, नवऱ्याला टोचते, या निव्वळ वावड्या आहेत. दोरा टोचत असेल तर नर्सबाई तो कापून आखूड करतात. मात्र संबंधातून लागणाऱ्या रोगांपासून तांबी वाचवीत नाही. त्यासाठी निरोधच.

तांबी मानवत नसेल तर केंद्रात विचारावे. दर तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन आणि छाया नावाच्या गोळ्या हेही सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत.

कोठे जायचे, काय लागते?

आधी गावच्या आशाताईंना विचारावे. कोणत्या उपकेंद्रात तांबी बसवणारी नर्स आहे आणि कोणत्या दिवशी असते, ते त्या सांगतात. नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. बसवणे फुकट, काढणेही फुकट. नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही. बाईची स्वतःची इच्छा असली की पुरे. आणि इच्छा नसेल तर तिला कोणीही बसवू नये. बसवल्यावर तारीख व तांबीची जात लिहिलेले कार्ड मिळते. ते रेशनकार्डाइतके जपावे.

टोळीतल्या बायकांसाठी

आणखी एक गोष्ट. आपला ऊस तोडायला कोयत्यामागे एक बाई येते. सहा महिने कोपीत राहते, पहाटे फडात उतरते. रोजची गोळी तिच्या लक्षात राहणे अवघड, आणि फडात दिवस गेले तरी तिला मोळी उचलावी लागते. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळात आला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. तरुण वयात पिशवी काढणे हा पाळणा लांबवण्याचा उपाय नव्हे आणि पाळीच्या त्रासावरचा पहिला उपायही नव्हे. आपल्या फडात टोळी उतरली की तिथल्या बायकांना जवळचे आरोग्य केंद्र कोठे आहे ते सांगावे. उपचारासाठी त्या याच गावच्या असायला लागत नाहीत. मुकादमाने त्या दिवसाचा खाडा धरू नये, हेही सभासदांनीच त्याला बजावावे.

त्या सभासदांच्या सुनेचे बाळंतपण आता जवळ आले आहे. ती दवाखान्यातच बाळंत होणार असे ठरले आहे. तांबीचे तिने आशाताईंकडून समजून घेतले, आणि बसवायची की नाही ते तीच ठरवणार आहे. आम्हांला तेच योग्य वाटते. आपण बाकीच्यांनी तिला माहिती द्यावी, गाडीची सोय करावी आणि मग बाजूला व्हावे.