मागचा टायर आधी का झिजतो, आणि पुढच्याकडे कधी बघायचं?

डंडॉकहून सकाळी मोटरसायकल काढून ड्रॉहेडाला, डब्लिनला किंवा सीमेपलीकडे न्यूरीला जाणाऱ्यांसाठी, आणि त्यांची घरी वाट पाहणाऱ्यांसाठीही, आजचा विषय आहे.

असं बघा. गाडी घेतली, काही हजार किलोमीटर झाले आणि मागचा टायर मधोमध सपाट झाला. पुढच्यावर मात्र नक्षी छान खोल दिसते. मग आपण फक्त मागचा बदलतो, पैसे वाचले म्हणून खूश होतो. पुढच्या खेपेलाही तेच. पण तेव्हा पुढचा टायर किती वर्षांचा झालेला असतो, हे विचारायचं राहून जातं. आज आपण तेच विचारणार आहोत.

आधी मागचा का झिजतो ते समजून घेऊ. मोटरसायकलचा टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो. इंजिनची सगळी ताकद चेनमधून मागच्या चाकाकडे जाते आणि त्या तळहाताएवढ्या रबरातून रस्त्यावर उतरते. गाडी ढकलताना रबर रस्त्यावर अगदी किंचित सरकत असतं. डोळ्यांना ते दिसत नाही, पण कागदावर खोडरबर घासावं तसं ते झिजत जातं. आणि हे फक्त वेग वाढवतानाच होतं असं नाही. एम-1 मोटरवेवर तुम्ही ताशी 120 किलोमीटरने सरळ चालला आहात, तरी समोरचा वारा गाडीला मागे रेटतच असतो. त्या वाऱ्याशी झुंजायचं काम एकटा मागचा टायर करतो. त्यात मागे कोणी बसलं किंवा पेटीत सामान भरलं, की बहुतेक वजन त्याच्याच डोक्यावर.

मोटरवेवर गाडी सरळ उभी असते, त्यामुळे टायरचा मधलाच पट्टा घासला जातो आणि मूळचा गोल टायर हळूहळू चौकोनी होतो. असा टायर वळणावर लगेच कळतो. गाडी आधी झुकायला तयार होत नाही, आणि सपाट भागाची कड ओलांडली की एकदम खाली पडल्यासारखी झुकते. कूलीच्या डोंगराकडे, कार्लिंगफर्डच्या वळणांवर असं झालं तर छातीत धस्स होतं.

आता पुढच्या टायरकडे येऊ. तो गाडी ढकलत नाही, सरळ रस्त्यावर नुसता फिरत असतो. त्याचं काम सुरू होतं ब्रेक दाबल्यावर. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झेपावतं, मागचं चाक हलकं होतं आणि गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्याला करावं लागतं. वळवण्याचं कामही त्याचंच. म्हणून तो मध्ये कमी आणि दोन्ही बाजूंना जास्त झिजतो. शिवाय ब्रेकच्या ओढीने नक्षीतला प्रत्येक ठोकळा एका कडेला जास्त घासला जातो. त्यावरून हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं खरखरीत लागतं. हवा कमी असेल किंवा पुढचं सस्पेन्शन थकलेलं असेल तर हे लवकर होतं. गाडी हळू चालवताना पुढून घूं-घूं आवाज येऊ लागला किंवा हँडल थरथरू लागलं, तर आधी हे तपासा.

म्हणजे दोन्ही टायर झिजतात, पण वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या कारणांनी. मागच्याची झीज लांबून दिसते. पुढच्याची हाताला लागते.

आणखी एक गंमत. बऱ्याच जणांच्या टायरची उजवी बाजू डावीपेक्षा थोडी जास्त झिजलेली असते. आपण इथे भारतासारखंच डावीकडून चालतो. राउंडअबाउटला आपण घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणजे गाडी जास्त वेळ उजवीकडे झुकलेली असते. उजवं वळण लांब पडतं, डावं आखूड. शिवाय पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे गाडी सरळ उभी असली तरी उजवी बाजूच जास्त टेकते. जर्मनीत किंवा अमेरिकेत राहणाऱ्या तुमच्या भावंडांना विचारून बघा, त्यांची बहुधा डावी बाजू जास्त झिजलेली निघेल. झीज फक्त एकाच टायरची खूपच एकांगी असेल, तर मात्र चाक सरळ बसलंय का ते मेकॅनिकला बघायला सांगा.

आता आपल्या जुन्या सवयीबद्दल. आपल्यापैकी कितीतरी जण चेतकच्या पुढे उभं राहून लहानाचे मोठे झालो. आकुर्डीच्या त्या स्कूटरची पुढची, मागची आणि स्टेपनी अशी तिन्ही चाकं एकाच मापाची. मागचा टायर झिजला की वडील रविवारी सकाळी पाने घेऊन बसायचे आणि चाकांची अदलाबदल करायचे. त्या गाडीला ते चालायचं. आजच्या मोटरसायकलला तो हिशोब लागू नाही. उदाहरणार्थ, रॉयल एनफील्डच्या क्लासिक 350 ला पुढे 19 इंची चाक आहे आणि मागे 18 इंची, रुंदीही वेगळी. टायरच्या आतली बांधणी, रबर आणि नक्षी पुढच्या-मागच्या कामाप्रमाणे वेगळी असते. बाजूला दिशेचा बाण असतो, तोही पाळावा लागतो. त्यामुळे अदलाबदलीचा विचार सोडून द्या.

टायरच्या बाबतीत आपला पत्ता तसा मानाचा आहे. जॉन बॉइड डनलॉप या स्कॉटिश पशुवैद्याने बेलफास्टमध्ये मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर बनवला आणि 1888 मध्ये पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी त्याच्या टायरची कंपनी डब्लिनमध्ये उभी राहिली. डंडॉक या दोन शहरांच्या साधारण मध्यावर आहे. पण त्या मुलाच्या सायकलला जे लागू होतं तेच आजही लागू आहे, की सगळी करामत आतल्या हवेची असते. हवा कमी असेल तर टायरच्या कडा लवकर जातात, जास्त असेल तर मधला पट्टा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय हवा कमी होते. सप्टेंबरमध्ये भरलेली हवा जानेवारीच्या थंडीत पुरत नाही ती त्यामुळेच. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर गार असताना बघा. आकडा गाडीच्या पुस्तिकेतला घ्या. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो.

कायदाही माहीत असू द्या. आयर्लंडमध्ये मोटारीच्या टायरवर किमान 1.6 मिलिमीटर नक्षी लागते, मोटरसायकलला 1 मिलिमीटर. झिजलेला टायर सापडला तर 80 युरो दंड आणि 2 पेनल्टी पॉइंट. पण खरी गोम पुढे आहे. मोटारीला एनसीटी असते, तिथे कोणीतरी टायर बघतं. मोटरसायकलला इथे एनसीटी नाही. म्हणजे तुमचा टायर तपासणारे फक्त तुम्हीच. आणि 1 मिलिमीटर ही कायद्याची शेवटची पायरी आहे. इथल्या पावसात तिथवर थांबू नका, कारण रस्त्यावरचं पाणी बाजूला सारायचं काम त्या खाचाच करतात.

तर महिन्यातून एकदा पाच मिनिटं काढा. पहिलं, हवा. दुसरं, खाचेच्या तळाशी रबराची छोटी आडवी पट्टी असते, ती कुठेही वरच्या रबराला टेकली असेल तर टायर संपला. मध्ये आणि दोन्ही कडांना, तिन्ही ठिकाणी बघा. तिसरं, पुढच्या टायरवरून दोन्ही दिशांनी हात फिरवा. चौथं, बाजूवर डॉटच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. 2319 असेल तर टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला. रबर नुसतं उभं राहूनही कडक होत जातं आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड जाते. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराला दाखवा, आणि नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांच्या पुढे नेऊ नका.

मागचा बदलायची वेळ आली की त्याच दिवशी पुढच्याचीही तपासणी करून घ्या. तो कडक, करवतीसारखा किंवा शेवटाला आलेला असेल तर जोडी बदला. चांगला असेल तर फक्त मागचा घ्या, पण पुढच्याशी जुळणारा आणि गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या प्रकारचा. नव्या टायरवर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवा, त्याचा वरचा थर गुळगुळीत असतो.

दोन्ही टायरमध्ये एक मोठा फरक आहे. मागचा थोडा घसरला तर सावरायला बहुतेक वेळा क्षणभर मिळतो. पुढचा घसरला तर तो क्षण मिळत नाही, गाडी आडवी होते. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे कुठे वाचवा. आज जेवण झाल्यावर मोबाइलचा दिवा लावून गाडीपाशी जा आणि ते चार आकडे तेवढे वाचून या. घरी कुणाची मोटरसायकल असेल तर त्यांनाही वाचायला लावा.

सांभाळून चालवा मंडळी. भेटू पुढच्या भागात.