तापलेल्या फोनवर ‘अपडेट’चा उतारा कितपत?

एप्रिल-मे महिन्यांत परभणीचा पारा ४२-४३ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो आणि काही दिवशी ४५ अंशांचा टप्पाही ओलांडतो, यात येथील नागरिकांना नवल वाटत नाही. गेल्या काही वर्षांत मात्र उन्हाळ्याच्या नेहमीच्या तक्रारींत एका नव्या तक्रारीची भर पडली आहे. फोन हाताला चटका बसेल इतका तापतो, पडदा आपोआप अंधुक होतो, कॅमेरा उघडत नाही, चार्जिंग मध्येच थांबते. फोन घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले, की पहिला सल्ला बहुधा ठरलेला असतो : ‘सॉफ्टवेअर अपडेट करून पाहा.’

हा सल्ला चुकीचा नाही. तो अपुरा आहे. फोन तापण्याचे कारण सॉफ्टवेअरमधील दोष असेल, तर अपडेटने तो दोष खरोखर दूर होतो. कारण बॅटरीत, चार्जरमध्ये किंवा डोक्यावरच्या सूर्यात असेल, तर अपडेटला एकच गोष्ट करता येते, ती म्हणजे फोनकडून कमी काम करून घेणे. तेव्हा फोन थंड झाल्यासारखा वाटतो खरा. पण त्या बदल्यात ग्राहकाचे काहीतरी काढून घेतलेले असते. कधी वेग, कधी पडद्याचा उजेड, तर कधी बॅटरीची क्षमता.

उष्णता येते कोठून?

संगणकात पंखा असतो, स्मार्टफोनमध्ये बहुधा नसतो. प्रोसेसरमध्ये निर्माण होणारी उष्णता फोनच्या पाठीतून आणि काचेतून बाहेरच्या हवेत जाते, हाच तिचा मार्ग. उष्णता अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते, हे शाळेत शिकलेले तत्त्व येथे जसेच्या तसे लागू होते. हवा २५ अंशांची आणि फोन ४० अंशांचा असेल, तर उष्णतेला बाहेर पडण्यास वाव असतो. हवाच ४३ अंशांची असेल, तर फोनला निवण्यासाठी आधी त्याहून अधिक तापावे लागते. ॲपल कंपनीने आयफोन वापरण्यासाठी भोवतालच्या हवेचे ० ते ३५ अंश हे तापमान योग्य ठरविले आहे. परभणीतील उन्हाळ्याची दुपार ही मर्यादा सहज ओलांडते. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण कौतुकाने म्हणत असलो, तरी फोन बनविणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हवामान बहुधा जर्मनीचेच असावे.

वेधशाळा जाहीर करते ते तापमान सावलीतील असते, हेही विसरता कामा नये. उन्हात धरलेल्या फोनचा हिशेब वेगळा आहे. भर दुपारी स्वच्छ आकाश असताना एका चौरस मीटरवर सूर्याची सुमारे १,००० वॅट शक्ती पडते. १६ सेंटिमीटर लांब आणि साडेसात सेंटिमीटर रुंद फोन उन्हाकडे तोंड करून धरला, तर त्याच्या वाट्याला सुमारे १२ वॅट येतात, आणि काळी काच त्यातील बराच भाग शोषून घेते. याउलट, जड काम करताना फोन स्वतः सतत निर्माण करतो ती उष्णता साधारणपणे ३ ते ५ वॅटच्या आसपास असते. म्हणजेच उन्हातील फोनला त्याच्या स्वतःच्या कामापेक्षा ऊनच अधिक तापविते. या १२ वॅटवर जगातील कोणत्याही कंपनीचे अपडेट चालत नाही. हातरुमालाची सावली मात्र चालते.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. मोबाइलचा मनोरा दूर असेल किंवा मध्ये डोंगर असेल, तर संपर्क टिकविण्यासाठी फोनला अधिक शक्तीने संदेश पाठवावा लागतो. त्यामुळे जिंतूर तालुक्याच्या डोंगराळ भागात आणि परभणीच्या स्टेशन रोडवर तोच फोन, तेच काम करताना सारखाच तापेल असे नाही. दुसरी गोष्ट चार्जिंगची. बॅटरीत शिरणाऱ्या विजेचा काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातोच, आणि चार्जिंग जितके जलद, तितकी ही उष्णता कमी वेळात एकवटते. वीज आली की फोन घाईघाईने चार्जिंगला लावून त्यावरच चित्रफीत पाहत बसणे, म्हणजे दोन्ही बाजूंनी विस्तव लावण्यासारखे आहे.

कामच उन्हातले असेल तर?

‘फोन सावलीत ठेवा’ हे सांगणे सोपे आहे. पण अलीकडच्या काळात शासनानेच अनेक कामे फोनवर आणि तीही उघड्या रानात आणून ठेवली आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे लागते. रोजगार हमीच्या कामांवरील मजुरांची हजेरी ‘एनएमएमएस’ या ॲपवर दिवसातून दोन वेळा, छायाचित्रासह आणि ठिकाणाच्या नोंदीसह लावणे १ जानेवारी २०२३ पासून सर्व कामांना बंधनकारक करण्यात आले. रोजगार हमीच्या कामांना खरी मागणी असते ती उन्हाळ्यातच.

ही हजेरी तांत्रिक दृष्टीने पाहिली, तर फोन तापविणारे जवळजवळ सर्व घटक तीत एकत्र येतात. कॅमेरा सुरू, उपग्रहाद्वारे ठिकाण शोधणे सुरू, उन्हात दिसावे म्हणून पडद्याचा उजेड कमाल पातळीवर, क्षीण संपर्कावरून छायाचित्र पाठविण्याची धडपड, आणि वर ऊन. फोनमध्ये जागोजागी तापमान मोजणारे संवेदक असतात. ठरावीक मर्यादा ओलांडली, की यंत्रणा प्रथम प्रोसेसरचा वेग आणि पडद्याचा उजेड कमी करते, मग कॅमेरा व फ्लॅश बंद करते, आणि तरीही भागले नाही तर फोनच बंद पाडते. ही यंत्रणा बिघाड नव्हे. ती बॅटरीला आणि वापरणाऱ्याला वाचविण्यासाठी आहे. परंतु नेमक्या हजेरीच्या वेळी कॅमेरा बंद पडला, तर प्रश्न मजुराच्या दिवसाच्या मजुरीचा होतो. चाळीस हजारांच्या फोनवर खेळ अडकणे आणि सात-आठ हजारांच्या फोनवर हजेरी अडकणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत.

अपडेटने खरोखर काय साधले?

अपडेटने फोन खरोखर निवल्याचे ठळक उदाहरण २०२३ मधील आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये बाजारात आलेला आयफोन १५ प्रो अतिशय तापतो, अशी तक्रार जगभरातून झाली. दोष नव्या टायटॅनियमच्या चौकटीचा असावा, असा तर्क अनेकांनी केला. ॲपलने तो नाकारला आणि आयओएस १७ मधील एक दोष तसेच इन्स्टाग्राम, उबर यांसारख्या काही ॲपच्या नव्या आवृत्त्या यांकडे बोट दाखविले. ही ॲप प्रोसेसरवर अकारण भार टाकत होती. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी आलेल्या आयओएस १७.०.३ या अपडेटने तो दोष दूर करण्यात आला. फोनचा वेग त्यासाठी कमी केलेला नाही, असेही कंपनीने स्पष्ट केले. आजार सॉफ्टवेअरचा होता, म्हणून औषधही सॉफ्टवेअरचे लागू पडले.

२०२२ च्या प्रारंभीचे सॅमसंग गॅलेक्सी एस २२ चे प्रकरण याच्या नेमके उलट आहे. फोन तापू नये म्हणून कंपनीने ‘गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस’ नावाची व्यवस्था त्यात बसविली होती. ती अनेक ॲप चालताना फोनचा वेग कमी करीत असे. वेग मोजणाऱ्या चाचणी-ॲपना मात्र हात लावत नसे. परीक्षेत घोडा धावे आणि रस्त्यावर चाले, असा हा प्रकार उघड झाल्यावर ग्राहक संतापले. मार्च २०२२ मध्ये कंपनीला नवे अपडेट द्यावे लागले आणि वेग हवा की थंडावा, याची निवड ग्राहकाच्या हाती आली. म्हणजे येथे अपडेटने फोन अधिक तापण्याचीच मुभा दिली!

गुगलच्या पिक्सेल ६ए या फोनबाबत जुलै २०२५ मध्ये घडले ते अधिक गंभीर होते. काही फोनच्या बॅटऱ्या अतितप्त होण्याचा धोका लक्षात आल्यावर कंपनीने सक्तीचे अपडेट पाठविले. ज्या फोनची बॅटरी ४०० वेळा पूर्ण चार्ज होण्याइतकी वापरली गेली, त्यात बॅटरीची क्षमता आणि चार्जिंगचा वेग या अपडेटने कमी केला. बाधित ग्राहकांसाठी बॅटरी मोफत बदलून देण्याची किंवा भरपाईची योजनाही जाहीर झाली. ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती ही दुसरी गोष्ट. अपडेटने धोका टळला. बॅटरी दुरुस्त झाली नाही.

बॅटरीतच दोष असेल, तर अपडेट किती तोकडे पडते, हे सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ ने २०१६ मध्येच दाखवून दिले होते. फोन पेट घेऊ लागल्यावर सुमारे २५ लाख नग परत मागविण्यात आले. बॅटरी ६० टक्क्यांवर चार्ज होऊ नये असे अपडेट दक्षिण कोरियात काढण्यात आले. बदलून दिलेले फोनही पेटल्यावर ऑक्टोबरमध्ये उत्पादनच बंद झाले, आणि न परतलेल्या फोनचे चार्जिंग कायमचे रोखणारे अपडेट अखेर अमेरिकेत पाठवावे लागले. हाही एक उपायच. पण रोग्यासकट रोग संपविणारा. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला, तेव्हा दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोन निरनिराळे दोष निघाले. भारतात या फोनची विक्री सुरूच होऊ शकली नाही. तरीही विमानात तो वापरण्यावर येथे निर्बंध घालण्यात आले होते.

फोनला अपडेट ठाऊक नव्हते त्या काळातील एक आठवण अनेक वाचकांना असेल. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने ‘बीएल-५सी’ या बॅटरीबाबत इशारा दिला. मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनविलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापू शकतात, असे त्यात म्हटले होते. लोकांनी फोनचे मागचे झाकण काढून बॅटरीवरील क्रमांक तपासले आणि सदोष ठरलेल्यांना नवी बॅटरी मोफत मिळाली. झाकण उघडण्याची सोय आज बहुतेक फोनमध्ये राहिलेली नाही.

अपडेट करावे की करू नये?

करावे. विशेषतः ठरावीक अपडेटनंतर किंवा एखादे ॲप टाकल्यावर फोन तापू लागला असेल, तर दोष सॉफ्टवेअरमध्ये असण्याची शक्यता बरीच आहे. सेटिंगमधील बॅटरीच्या पानावर कोणते ॲप किती शक्ती खाते, ते दिसते. आधी तेथे पाहावे. मोठे अपडेट झाल्यावर एक-दोन दिवस फोन थोडा अधिक तापणे स्वाभाविक असते, कारण ॲप आणि छायाचित्रांची नव्याने जुळवाजुळव आतल्या आत सुरू असते. त्यानंतरही तो तापत राहिला, तर मात्र दुसरे कारण शोधावे लागेल. स्वस्त फोनच्या ग्राहकांची अडचण अशी, की त्यांपैकी अनेकांना दोन-तीन वर्षांनंतर अपडेट मिळणेच बंद होते. तापाचा दोष कायम, आणि उतारा येणार नाही!

उन्हातून आणलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नये. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांहून अधिक तापमानात चार्ज करणे तिच्या आयुष्याला घातक ठरते, म्हणूनच अनेक फोन अशा वेळी चार्जिंग स्वतःहून थांबवितात. तो शीतपेटीत ठेवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण आत बाष्प जमून पाणी शिरल्यासारखे नुकसान होते. जाड कव्हर काढून सावलीत पंख्याखाली ठेवणे पुरेसे आहे. दुचाकीच्या हँडलवरील पकडीत किंवा उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या काचेखाली फोन ठेवणे म्हणजे तो भट्टीत ठेवणेच होय.

फोनची पाठ किंवा पडदा फुगून वर आला असेल, तर अपडेटच्या नादी न लागता तो वापरणे व चार्ज करणे त्वरित थांबवावे. बदली बॅटरी घेताना भारतीय मानक ब्यूरोचा आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक तीवर आहे का, ते पाहावे. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपवर पडताळता येतो. फोन हमीच्या मुदतीत असेल, तर ‘अपडेट करा’ या तोंडी उत्तरावर न परतता सेवा केंद्राकडून तक्रारीची लेखी नोंद, म्हणजेच जॉबशीट, मागून घ्यावी. इशाऱ्याचा संदेश पडद्यावर आला असल्यास त्याचे छायाचित्र तारखेसह जपून ठेवावे. दाद मागायची झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.