संशोधकाचा गुरुबंधु

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं कोणी काका, मामा वा आत्या प्राध्यापक आहेत, त्यांच्या मुलांस पीएच.डी.चा पहिला सल्ला जेवणाच्या पानावरच मिळतो. विषय केवढा घ्यावा, संदर्भांच्या नोंदी पहिल्या दिवसापासून कां ठेवाव्या, हें भात कालवतां कालवतां कानीं पडतें. ही संपत्ति कोणत्याहि वाटणीपत्रांत लिहिलेली नसते; म्हणूनच ती वारशानें मिळाली हें आपल्या ध्यानींहि येत नाहीं.

छत्रपति संभाजीनगरच्या विद्यापीठाकडे पाहतांना हें विशेष जाणवतें. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यांत होता. विद्यापीठ दूर हैदराबादेस, आणि तेथील शिक्षणाचें माध्यम उर्दू. १९५० मध्यें डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें येथें महाविद्यालय काढलें, तेंच पुढें मिलिंद म्हणून नांवारूपास आलें. विद्यापीठ झालें तें १९५८ सालीं, डॉ. आंबेडकरांचें नांव त्यास १९९४ मध्यें जोडलें गेलें. या भागांतील कितीतरी घरांत, अर्थात्, महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे.

समजा, बीड जिल्ह्यांतील ऊसतोड करणाऱ्या आईबापांची मुलगी येथें संशोधनास दाखल झाली. बुद्धीनें ती कोणाहून उणी नाहीं. पण संशोधनाचा आराखडा कसा मांडावा, मार्गदर्शकांनीं महिनाभर उत्तर दिलें नाहीं तर पुन्हां विचारणें उद्धटपणाचें होईल काय, पैसे उकळून वाटेल तो लेख छापणारें नियतकालिक ओळखावें कसें, हें तिनें कोणास विचारावें? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें मुदत तीन ते सहा वर्षें; स्त्रियांस आणखी दोन वर्षांची सवलत मिळूं शकते, आणि प्रसूति व बालसंगोपनासाठीं एकूण २४० दिवसांपर्यंत रजाहि. नियम छापलेला आहे खरा. परंतु तो अमुक ठिकाणीं आहे, वाच, असें सांगणारें कोणी हवें ना? नाहीं तर मूल झालें, कीं प्रबंध बासनांत गेलाच!

मार्गदर्शक येथें पुरा पडत नाहीं. त्याच्यापुढें अज्ञान उघडें करण्याची लाज वाटते. लागतो तो दोन वर्षें पुढें गेलेला विद्यार्थी, ज्याला आपल्या भाषेंत गुरुबंधु असा सुंदर शब्द आहे. पाश्चात्य देशांत कित्येक विद्यापीठें नव्या संशोधकास असा सोबती नेमून देतात. त्यानें प्रकरणें लिहून द्यावयाचीं नसतात, आणि (हेंहि सांगून टाकूं) नवख्याकडून स्वतःचीं कामेंहि करवून घ्यावयाचीं नसतात.

ज्यांचें नांव या विद्यापीठास आहे, त्यांच्या चरित्रांतहि असा एक सोबती आहे. १९१३ मध्यें सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले, तेव्हां वसतिगृहांत त्यांस नवल भथेना हा पारशी विद्यार्थी भेटला. धर्म निराळा, घर निराळें. परंतु मैत्री जन्मभर टिकली. १९२० मध्यें अपुरें राहिलेलें शिक्षण पुरें करण्यास ते लंडनला निघाले, तेव्हां शाहू महाराजांच्या साहाय्याबरोबर भथेनांनीं दिलेलें कर्जहि कामीं आलें.

आमच्या वाचकांच्या घरचें कोणी आज या विद्यापीठांत तिसऱ्या-चौथ्या वर्षास असेल. त्याच्या कपाटांत मंजूर झालेला आराखडा, समितीनें काढलेल्या चुका, जुन्या टांचणवह्या पडून असतील. नव्या मुलीनें त्या मागण्याची वाट त्यानें पाहूं नये. मागावयाचें काय, हेंच तिला अद्याप ठाऊक नसतें.