कुत्रीच्या पोटाखालची गाठ

आरोग्याच्या पानावर कुत्र्याचे काय काम, असे काही वाचक विचारतील. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात दोन चिकित्सांची व्यवस्था केल्याचे नोंदवले आहे : एक माणसांची, दुसरी पशूंची. त्यामुळे आम्हाला तरी हा विषय परका वाटत नाही.

चिखली असो, मेहकर असो की खामगाव, आपल्या प्रत्येक वस्तीत गल्लीत एखादी तरी कुत्री असते. मालक कोणीच नाही, भाकरी मात्र सगळ्यांची. सात-आठ वर्षांची झाली की कधी कधी तिच्या सडांजवळ गाठ दिसू लागते. 'दुधाची गाठ आहे, जिरून जाईल,' असे म्हणतात. कोणी बिब्याचा चटका देतो, कोणी हळद-चुना लावतो. पुढे गाठ फुटते, माशा बसतात, अळ्या पडतात. मग वास येतो म्हणून त्याच कुत्रीला दगड मारून हाकलतात.

नसबंदी न केलेल्या कुत्र्यांच्या माद्यांत स्तनाची गाठ हा सर्वांत जास्त आढळणारा गाठीचा आजार आहे. अशा गाठींपैकी साधारण निम्म्या साध्या असतात, निम्म्या कॅन्सरच्या. कोणती कोणत्या जातीची, हे हाताने चाचपून ठरत नाही. शस्त्रक्रिया करून गाठ काढायची आणि तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, हाच आजही खात्रीचा मार्ग आहे. पण कुत्रीच्या गाठीत अनेक प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात, कधी तर आत कूर्चा आणि हाडही तयार झालेले सापडते. त्यामुळे दिसायला भयंकर गाठ साधी निघते, आणि उलटही होते. म्हणून शास्त्रज्ञांनी पेशीच्या आत डोकवायचे ठरवले.

हे समजायला विहारातले वाचनालय डोळ्यांसमोर आणा. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच पूर्ण संच असतो, म्हणजे प्रत्येक गावच्या वाचनालयात तीच सगळी पुस्तके. फरक पडतो तो कोणते पुस्तक वाचायला काढले याने. दुधाच्या ग्रंथीतली पेशी दूध तयार करण्याची पुस्तके काढते, कातडीची पेशी वेगळी. पुस्तक उघडले की पेशी त्या पानाची नक्कल करते. त्या नकलेला आरएनए म्हणतात. गाठीच्या तुकड्यातून या नकला वेगळ्या काढून मोजल्या की वाचनालयाचे रजिस्टरच हाती आले. यालाच जनुकांची अभिव्यक्ती मोजणे म्हणतात. कॅन्सरच्या पेशीत 'एकाचे दोन व्हा' सांगणारी पुस्तके रात्रंदिवस उघडी असतात. 'शेजाऱ्याला धरून राहा' सांगणारी अनेकदा कपाटात बंद पडलेली असतात, म्हणून ती पेशी सुटून दुसरीकडे जाऊन बसते.

मग साध्या आणि कॅन्सरच्या, अशा आधीच ओळखलेल्या गाठींची रजिस्टरे संगणकाला दाखवायची, आणि नंतर अनोळखी गाठ पुढे ठेवून विचारायचे, ही कोणासारखी? जर्मनीत बर्लिनच्या मुक्त विद्यापीठात रॉबर्ट क्लोपफ्लाइश यांच्या गटाने पसरलेल्या आणि न पसरलेल्या गाठींची अशी तुलना केली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय विभागात कॅरिन सोरेन्मो यांनी निवारागृहातल्या बेवारस कुत्र्यांवर उपचार करत करत हा अभ्यास चालवला. कुत्रीला साधारण दहा सड. एकाच कुत्रीच्या एका सडात साधी गाठ, दुसऱ्यात बिघडू लागलेली, तिसऱ्यात पक्का कॅन्सर, असे एकाच वेळी सापडते. साधी गाठ बिघडत कशी जाते, याचा जणू पूर्ण रस्ताच एका शरीरात पाहायला मिळतो. बाईच्या स्तनात हे असे क्वचितच दिसते. हे काम अजून प्रयोगशाळेतले आहे, तालुक्याच्या दवाखान्यात मागून मिळणार नाही.

माणसांत मात्र ही विद्या वापरात आली आहे. नेदरलँड्समध्ये ७० जनुकांची आणि अमेरिकेत २१ जनुकांची चाचणी तयार झाली. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेनंतर केमो खरोखर लागेल का, हे ठरवायला तिची मदत होते. खर्च लाखांच्या घरात जातो. शेतमजुरी करणाऱ्या बाईने एवढे पैसे आणायचे कुठून, हे कोणी सांगत नाही.

पण चाचणी कितीही हुशार असली तरी दवाखान्यात पोचलेलीच गाठ तपासते. आपल्या बाया पोचतात उशिरा. दुखत नाही म्हणून, लाज वाटते म्हणून, हजेरी बुडते म्हणून. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा २० वर्षे अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या गटात प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, फक्त हाताने स्तन तपासले. यंत्र नाही, सुई नाही. त्या गटात गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायांत मृत्यूंमध्ये असा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. आमच्या मते आपल्या महिला मंडळांनी आरोग्य विभागाकडे अशा तपासणीची मागणी लेखी करावी.

आता कुत्रीचे. तिची गाठ माणसाला लागत नाही, म्हणून हाकलू नका. पहिल्या-दुसऱ्या माजाच्या आत नसबंदी झाली तर पुढे गाठीचा धोका बराच कमी होतो. माज थांबवण्याची इंजेक्शने मात्र देऊ नका, त्यांनी धोका वाढतो. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ काढली तर कुत्री वाचण्याची आशा जास्त. आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. पुढची गरज पडली तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यकीय संस्था आपल्याला जवळची आहे. अनोळखी कुत्रीची गाठ स्वतः चाचपायला जाऊ नका, चावली तर वेगळेच संकट.

बाईच्या स्तनात गाठ, स्तनाग्रातून रक्त, कातडी आत ओढलेली, काखेत गोळा, यातले काहीही दिसले तर आशाताईंना सांगा, उपकेंद्रात जा. कॅन्सरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. आणि गाठ बाईची असो की कुत्रीची, काढल्यावर फेकू देऊ नका. तुकडा तपासणीला पाठवलाच पाहिजे असे डॉक्टरांना सांगा, आणि त्याचा कागदी अहवाल मागून घेऊन घरात जपून ठेवा.