पैसे मोजून वाचलेली टाइमलाइन

आयव्हरी हे मॅस्टोडॉनसाठीचं अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की ते फोन नंबर मागत नाही, ओटीपीही पाठवत नाही. ते विचारतं सर्व्हरचं नाव. मॅस्टोडॉन ही मायक्रोब्लॉगिंग सेवा एका कंपनीच्या ताब्यात नाही. तिचे हजारो सर्व्हर वेगवेगळी माणसं आणि संस्था चालवतात आणि प्रत्येकाचं खातं त्यांतल्या एखाद्यावर असतं. आपल्या सर्व्हरचा पत्ता टाइप केला की ब्राउझरची खिडकी उघडते. पासवर्ड टाकायचा तो तिथे, सर्व्हरच्याच पानावर. मग सर्व्हर विचारतो, या अ‍ॅपला तुमच्या खात्यातलं वाचू द्यायचं का, तुमच्या नावाने लिहू द्यायचं का? परवानगी दिली की खिडकी मिटते. अ‍ॅपच्या हाती पासवर्ड पडत नाही, पडतं एक टोकन, म्हणजे सर्व्हरने दिलेली परवानगीची किल्ली.

या सगळ्याला मिनिटभरही लागत नाही, पण पैसे देऊन घ्यायच्या या अ‍ॅपचं भवितव्य त्या टोकनवरच उभं असतं.

आयव्हरी बनवलं टॅपबॉट्स या छोट्या कंपनीने. पॉल हॅडाड आणि मार्क जार्डिन हे तिचे संस्थापक. २४ जानेवारी २०२३ रोजी ते अ‍ॅप स्टोअरवर आलं तेव्हा वर्गणी होती महिन्याला १.९९ डॉलर किंवा वर्षाला १४.९९ डॉलर. मॅस्टोडॉनचं स्वतःचं अधिकृत अ‍ॅप फुकट आहे. मग पैसे द्यायचे कशासाठी, हा प्रश्न आधीच पडतो, आणि त्याचं उत्तर वापरायला लागल्यावरच मिळतं.

सगळ्यात आधी जाणवते ती वाचनाची जागा. सकाळी लोकलमध्ये वीस-पंचवीस पोस्ट वाचल्या, स्टेशन आलं, फोन खिशात गेला. दुपारी अ‍ॅप उघडलं तर तीच पोस्ट समोर असते, जिथे डोळे थांबले होते. नव्या पोस्ट तिच्या वर रांगेत येऊन बसलेल्या असतात आणि किती वाचायच्या राहिल्या त्याचा आकडा माथ्यावर दिसतो. बोटाने वर सरकत गेलं की आकडा एकेकाने उतरतो. तो शून्यावर आला की वाचन संपलं. टाइमलाइनला शेवट असतो, हे फुकटच्या अ‍ॅपांनी विसरायला लावलं आहे. जाहिरातीवर चालणाऱ्या सेवेला वाचणारा जितका रेंगाळेल तितका हवा असतो. वर्गणीवर चालणाऱ्या अ‍ॅपला त्याने उद्या समाधानाने परत यावं, एवढंच पुरतं. आयपॅडवर वाचायला घेतलं तरी आयक्लाउडमार्फत हीच जागा तिथेही सापडते.

पोस्टवर एकदा बोट टेकवलं की तिच्या खाली एक पट्टी उलगडते. उत्तर, बूस्ट (पोस्ट आपल्या अनुयायांपुढे ठेवणं), पसंती, शेअर अशी बटणं तिथे ओळीने येतात. पुन्हा टेकवलं की ती मिटते. त्यामुळे वाचताना पडद्यावर मजकूर असतो, बटणांची गर्दी नसते. पोस्ट डावीकडे ओढली की तिचं अख्खं संभाषण उघडतं. एखादा शब्द ठरावीक काळापुरता गाळून टाकायचीही सोय आहे. सामना उशिरा पाहणाऱ्याने दोन्ही संघांची नावं दिवसभरासाठी गाळली की स्कोअर आधीच डोळ्यांत शिरत नाही.

लिहिण्याच्या चौकटीत अक्षरांचा आकडा उलटा मोजला जातो. मॅस्टोडॉनवर एका पोस्टला साधारणपणे ५०० अक्षरांची मुभा असते आणि लिंक कितीही लांब असली तरी २३ अक्षरांची धरली जाते. मराठीत लिहिणाऱ्याला या मोजणीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. ट्विटरची १४० अक्षरांची मर्यादा आली एसएमएसवरून. एका एसएमएसमध्ये १६० रोमन अक्षरं मावतात, त्यांतली २० खातेदाराच्या नावासाठी राखलेली. देवनागरी एसएमएसमध्ये मावतात फक्त ७०. ट्विटरच्या हिशेबात काना, वेलांटी आणि पाय मोडणारं हलन्त चिन्हही एकेक अक्षर धरलं जायचं. 'मराठी' लिहिलं की पाच गेली, 'महाराष्ट्र' लिहिलं की दहा. नोव्हेंबर २०१७ मध्ये मर्यादा २८० झाली, तेव्हा कुठे मराठी वाक्याला जरा श्वास घेता आला. पाचशेमध्ये तर छोटेखानी परिच्छेद बसतो.

अक्षरं मोजणारा तो आकडा मुळात ट्विटरचा नव्हे, ट्विटरिफिकचा. आयकॉनफॅक्टरी या कंपनीने जानेवारी २००७ मध्ये मॅकसाठी हे अ‍ॅप आणलं. निळ्या पक्ष्याचं चित्र आणि 'ट्वीट' हा शब्दही आधी तिथे दिसला, मग ट्विटरने उचलला. जुलै २००८ मध्ये आयफोनचं अ‍ॅप स्टोअर उघडलं तेव्हा पहिल्याच दिवशी ट्विटरिफिक तिथे होतं. त्याच वर्षी लॉरेन ब्रिक्टर या तरुणाने एकट्याने बनवलेलं ट्वीटी आलं, किंमत २.९९ डॉलर. यादी खाली ओढून सोडली की ताजा मजकूर येतो, ही हालचाल ब्रिक्टरची देणगी. आज बँकेच्या अ‍ॅपपासून मेलपर्यंत सगळीकडे बोट आपोआप ती करतं. एप्रिल २०१० मध्ये ट्विटरने ट्वीटी विकत घेतलं आणि तेच अ‍ॅप अधिकृत म्हणून फुकट वाटलं.

तिथून पैसे देऊन घ्यायच्या अ‍ॅपांची वाट अरुंद होत गेली. ऑगस्ट २०१० पर्यंत बाहेरचं अ‍ॅप सरळ ट्विटरचा पासवर्ड मागू शकत असे. त्यानंतर टोकन सक्तीचं झालं. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच होतं, पण टोकन किती द्यायची हे आता ट्विटरच्या हातात आलं. ऑगस्ट २०१२ मध्ये नवा नियम आला. नव्या अ‍ॅपला जास्तीत जास्त एक लाख टोकन मिळतील. म्हणजे एक लाख खाती जोडली गेली की दुकानाचं शटर खाली. पुढच्या वर्षी अँड्रॉइडवरच्या फाल्कन प्रो या लोकप्रिय अ‍ॅपची टोकन संपली. फुकट पळवलेल्या प्रतीही त्याच कोट्यातून टोकन खात होत्या. निर्मात्याने नव्या गिऱ्हाइकांना थोपवण्यासाठी किंमत शंभर डॉलरच्या वर नेऊन ठेवली. टॅपबॉट्सचं ट्विटरसाठीचं ट्वीटबॉट मॅकवर आलं ते १९.९९ डॉलरला. टोकन मोजकी असतील तर प्रत्येकाची किंमत वसूल व्हायलाच हवी, हा त्यामागचा सरळ हिशेब.

ऑगस्ट २०१८ मध्ये या अ‍ॅपांना मिळणारा नव्या ट्वीटांचा क्षणाक्षणाचा प्रवाह बंद झाला. तरीही लोक पैसे देत राहिले, कारण जाहिरात नाही आणि क्रम मोडत नाही अशी टाइमलाइन त्यांना इथेच मिळत होती. २०२१ मध्ये ट्वीटबॉट वर्षाला ५.९९ डॉलरच्या वर्गणीवर गेलं.

१२ जानेवारी २०२३ च्या रात्री, अमेरिकेतल्या वेळेनुसार, ट्वीटबॉट आणि ट्विटरिफिक दोन्ही अचानक बंद पडली. निर्मात्यांना आधी कळवलेलं नव्हतं. आठवडाभराने ट्विटरने नियमावलीत कलम घातलं, की आमच्या सेवेला पर्याय ठरेल असं अ‍ॅप बनवता येणार नाही. सोळा वर्षांचं ट्विटरिफिक तिथेच संपलं. ज्यांनी वर्षाची वर्गणी भरली होती त्यांना उरलेले पैसे परत मिळणार होते, आणि ते जाणार होते दोन छोट्या कंपन्यांच्या खिशातून. दोघींनी गिऱ्हाइकांना विनंती केली, जमलं तर परतावा घेऊ नका. अ‍ॅपमध्ये तसं बटणच दिलं. वाचणारा आणि बनवणारा यांच्यात थेट पैशाचा व्यवहार असला की अशी विनंती करता येते. ट्वीटबॉटच्या गिऱ्हाइकांना उरलेली वर्गणी आयव्हरीकडे वळवण्याचीही मुभा होती.

ही सगळी दुसऱ्याच्या जागेत थाटलेली दुकानं होती. आयव्हरीही मॅस्टोडॉनच्या दारातच उभं आहे, पण इथे मालक एकच नाही. ऑयगेन रोच्को यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या मॅस्टोडॉनचा सोर्सकोड खुला आहे. सर्व्हर आपसांत ज्या पद्धतीने बोलतात ती अ‍ॅक्टिव्हिटीपब २०१८ पासून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मान्यताप्राप्त मानक आहे. एका सर्व्हरने आयव्हरीला दार लावलं, तर अनुयायी सोबत घेऊन दुसऱ्या सर्व्हरवर जाता येतं. जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात.

भारतातून मॅस्टोडॉनकडे मोठी लाट आली नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झाल्यावर निषेध म्हणून बरेच जण तिकडे गेले. त्यांतले पुष्कळ परतलेही, कारण ओळखीची माणसं जिथे असतात तिथेच गप्पा होतात. ही अडचण कोणतंही अ‍ॅप सोडवू शकत नाही, मग ते कितीही नेटकं असो.

आयव्हरी फक्त अ‍ॅपलच्या उपकरणांवर चालतं आणि आपल्याकडचे बहुतेक फोन अँड्रॉइड आहेत. अँड्रॉइडवर टस्की हे खुल्या सोर्सचं अ‍ॅप फुकट मिळतं. फेडिलॅब प्ले स्टोअरवर विकत आणि एफ-ड्रॉइड या खुल्या सोर्सच्या भांडारात फुकट मिळतं. कोड सगळ्यांसाठी खुला आहे, ज्याला निर्मात्याला पैसे द्यायचे त्याने प्ले स्टोअरवरून घ्यावं. आयफोन बाळगणाऱ्याने आयव्हरीच्या चाचणीच्या मुदतीत मोजकीच, पण मनापासून वाचावीत अशी खाती जोडावीत आणि चार दिवस टाइमलाइन शेवटपर्यंत वाचून पाहावी. माथ्यावरचा आकडा रोज शून्यावर येत असेल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावंसं वाटत असेल, तर वर्षाची वर्गणी वाजवी आहे.