दीडशे वस्तीचे सरकार

अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यात, ब्लू रिज पर्वताच्या पूर्व उतारावर, हिकरी नट नावाची एक अरुंद खिंड आहे. ह्या खिंडीतून ब्रॉड नदी खडकांवर आदळत वाहते आणि तिच्या एका बाजूस ३१५ फूट उंचीचा एक सुटा पाषाणस्तंभ धुराड्यासारखा उभा आहे. त्यावरून तेथील वस्तीला चिमनी रॉक हे नाव पडले. १९०२ साली ल्यूशस मोर्स नावाच्या एका डॉक्टरने हा डोंगर विकत घेतला आणि प्रवाशांची ये-जा सुरू केली. पुढे १९२०च्या दशकात नदीला बांध घालून खालच्या अंगाला लेक ल्यूर हे सरोवर निर्माण झाले. २००७ साली राज्याने डोंगर विकत घेऊन तेथे राज्य-उद्यान केले. गाव म्हणजे वस्तुतः एकच रस्ता. त्याच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला नदी, आणि मध्ये दुकाने, उपाहारगृहे व छोट्या खानावळी. २०२० सालच्या जनगणनेत येथील लोकसंख्या १४० भरली.

एवढ्या वस्तीला १९९१ साली स्वतंत्र नगरशासनाची सनद मिळाली. उत्तर कॅरोलायनाच्या कायद्यात शहर, नगर आणि गाव असा अधिकारांचा भेद नाही. त्यामुळे चिमनी रॉकलाही निवडून दिलेले मंडळ आहे, मेयर आहे, कर बसविण्याचा अधिकार आहे आणि दरवर्षी १ जुलैपूर्वी समतोल अंदाजपत्रक मंजूर करण्याचे बंधनही आहे. परंतु गावातून जाणारा मुख्य रस्ता हा महामार्ग असल्याने त्याची जबाबदारी राज्याकडे, उद्यान राज्याकडे, आणि सरोवर शेजारच्या लेक ल्यूर नगराकडे. सत्तेचा शिक्का पूर्ण, साधने मात्र बेताची, अशी ही रचना होती. साधारण दिवसांत तिचे काही अडत नसे.

२०२४च्या २६ सप्टेंबरच्या रात्री 'हेलीन' हे चक्रीवादळ फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २२५ किलोमीटर होता. चिमनी रॉक तेथून सुमारे सहाशे किलोमीटर आत, डोंगरात. समुद्री वादळाची धास्ती तेथे कोणी का बाळगावी, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्याला समजावून द्यावे लागणार नाही. बाष्पाने जड झालेली हवा डोंगरावर चढू लागली की थंड होते आणि आपला भार तेथेच टाकते. शिवाय वादळ पोचण्यापूर्वीच दोन दिवस तेथे मुसळधार पाऊस पडत होता व माती पाण्याने गच्च झाली होती. त्याच पर्वतराजीतील बुसिक ह्या ठिकाणी त्या काही दिवसांत ३० इंचांहून अधिक पाऊस मोजला गेला. ह्या भागाला असा अनुभव अगदी नवीन होता असेही नाही. १९१६च्या जुलैत लागोपाठ आलेल्या दोन वादळांनी पश्चिम कॅरोलायनात असाच हाहाकार माजविला होता. पण एका शतकात माणसाची स्मृती पुसट होते आणि नदीकाठची सपाट जागा पुन्हा मोहात पाडते.

२७ सप्टेंबरच्या सकाळी नदी रस्त्यावर आली. काठावरच्या कित्येक इमारती तिने नुसत्या पाडल्या नाहीत, तर काही ठिकाणी त्यांच्याखालची जमीनही खरवडून नेली. पूल गेले, महामार्ग तुटला. लाकूड, छपरे, वाहने आणि गाळ ह्यांचा लोंढा सरोवरात जाऊन साठला. सरोवराचा बांध ओलांडून पाणी वाहू लागले आणि तो फुटण्याच्या बेतात असल्याचा इशारा खालच्या वस्त्यांना द्यावा लागला. सुदैवाने शतकाच्या उंबरठ्यावरचा तो बांध टिकला. संपूर्ण राज्यात ह्या वादळाने शंभराहून अधिक माणसे दगावली.

दुसऱ्याच दिवशी, २८ सप्टेंबरला, केंद्र शासनाने मोठी आपत्ती जाहीर केली. आता पैसा येईल आणि गाव उभे राहील, असे दूरच्या माणसाला वाटावे. परंतु अमेरिकेतील सार्वजनिक साहाय्याची पद्धत मुख्यतः प्रतिपूर्तीची आहे. स्थानिक शासनाने आधी काम करवून घ्यावे, खर्च करावा, मग 'फेमा' ह्या केंद्रीय आपत्ती-संस्थेकडे तो मागावा. त्यासाठी प्रत्येक कामाची छायाचित्रे, कामगारांच्या तासांची नोंद, निविदांची कागदपत्रे आणि कंत्राटाच्या अटी नियमानुसार असाव्या लागतात. ढिगारा सार्वजनिक जागेत असला तर एक नियम. खाजगी आवारात असला तर मालकाची लेखी संमती आणि दुसरा नियम. मोठ्या शहरात अशा कामासाठी स्वतंत्र खाती असतात. दीडशे वस्तीच्या गावात ते ओझे मोजक्याच माणसांवर पडते, आणि ती माणसे स्वतःही पूरग्रस्त असतात. चिमनी रॉकचे त्या वेळचे मेयर पीटर ओ'लिअरी हे त्याच रस्त्यावरचे दुकानदार होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

खर्च असा वाढत असताना उत्पन्नाचा झरा आटत होता. प्रवासी थांबले, तेव्हा विक्रीकर थांबला. त्या राज्यात मालमत्तेची आकारणी १ जानेवारीच्या स्थितीवरून होते. सप्टेंबरात वाहून गेलेल्या दुकानावर पुढच्या वर्षी कर तरी कशाचा बसवावा? ज्या गावाला सर्वांत जास्त खर्च करायचा आहे, त्याच गावाची पत सर्वांत कमी झालेली असते. कर्ज काढावे म्हटले, तर १९३१ साली मंदीच्या काळात स्थापन झालेल्या राज्याच्या स्थानिक शासन आयोगाची बहुतेक कर्जांना संमती लागते, आणि तो आयोग परतफेडीची शक्ती पाहतो. ही अडचण ओळखूनच राज्याच्या विधिमंडळाने २०२४च्या ऑक्टोबरात स्थानिक संस्थांना बिनव्याजी उसनवारीसाठी १० कोटी डॉलर बाजूला काढले. प्रतिपूर्ती येईपर्यंत हात चालता राहावा, हा त्यामागचा हेतू. केंद्रानेही पहिले १८० दिवस ढिगारे उपसण्याचा व तातडीच्या कामांचा संपूर्ण भार उचलला. ती मुदत वाढवून देण्याची राज्याची विनंती मात्र २०२५च्या एप्रिलमध्ये नाकारली गेली.

पैशाआधी माणसे पोचली. पश्चिम व्हर्जिनियातील कोळसाखाणीत काम करणारी एक तुकडी यंत्रे घेऊन आली आणि बॅट केव्ह ते चिमनी रॉक ह्या तुटलेल्या मार्गावर तिने कच्ची वाट काढून दिली. पेनसिल्व्हेनियातून आमिश पंथाचे सुतार आले. मोटार आणि विजेपासून दूर राहणारे हे लोक हिवाळाभर पाळीपाळीने येऊन दुकानांना भिंती आणि छपरे घालीत होते. येथेही एक नियम ध्यानात घेण्याजोगा आहे. सार्वजनिक कामावर स्वयंसेवकाने दिलेले तास नीट नोंदले, तर त्यांचे मोल स्थानिक वाट्यात धरता येते. म्हणजे परक्याचा घाम गावाच्या खात्यावर जमा होतो. खाजगी दुकानावरचे श्रम मात्र त्यात मोजले जात नाहीत. दात्याच्या मनाला दोन्ही सारखेच, हिशेबाला नव्हेत. म्हणून वही धरून उभा असलेला कारकूनही अशा वेळी कुदळ धरणाऱ्याइतकाच उपयोगी ठरतो.

तथापि एक काम बाहेरचा कोणीही करू शकत नाही. पुन्हा कोठे आणि कसे बांधायचे, हे ठरविण्याचे ते काम. १९६८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पूरविमा योजनेत सामील झालेल्या गावावर एक अट असते. पूररेषेतील इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च तिच्या बाजारभावाच्या निम्म्याइतका किंवा त्याहून अधिक असेल, तर ती आजच्या नियमांप्रमाणे उंच वा सुरक्षित करूनच बांधावी लागते. नियम काटेकोर पाळला, तर सामान्य दुकानदाराला खर्च परवडत नाही. सैल सोडला, तर साऱ्या गावाचा विमा धोक्यात येतो आणि पुढच्या पुराला आमंत्रण मिळते. लहान गावात हा निर्णय आणखी कठीण, कारण ज्याला नकार द्यायचा तो रोज समोर भेटणारा शेजारी असतो. ज्या नदीच्या शोभेवर गाव जगले तिच्यापासून दूर सरकावे, तर प्रवासी का यावेत? काठावरच राहावे, तर पुढच्या वेळी काय उरेल? ह्या प्रश्नाला दोन्ही अंगांनी तोटाच आहे. कोणता सोसायचा, हे तेथे राहणाऱ्यांनीच सांगायचे असते.

लष्कराच्या अभियंता दलाच्या देखरेखीखाली सरोवरातील ढिगारा उपसण्याचे मोठे काम चालले. तुटलेल्या पुलाच्या जागी राज्याने तात्पुरता पूल घातला आणि २७ जून २०२५ रोजी, आपत्तीला बरोबर नऊ महिने पुरे होताना, चिमनी रॉकचे उद्यान प्रवाशांना पुन्हा खुले झाले. रस्त्यावरची सगळी दुकाने त्या दिवशी उघडली नव्हती. काहींच्या जागी नदीचे पात्रच होते.

अशा गावांचे स्वतंत्र शासन काढून ते मोठ्या संस्थेत विलीन करावे, हा विचार हिशेबाच्या दृष्टीने चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु रस्ता कोणीही बांधून देईल, पैसा कोणीही पाठवील. संमतीच्या कागदावर सही कोणाची घ्यायची, कोणत्या म्हाताऱ्याच्या घरी आधी जायचे, कोणत्या दुकानदाराला थांबण्यास सांगता येईल, हे १४० माणसांच्या सरकारलाच ठाऊक असते. त्याच्याकडून मोठ्या शहराइतकी कागदपत्रे मागायची असतील, तर ती लिहिणारा हात आणि मधल्या काळापुरते भांडवल त्याला पुरापूर्वीच दिलेले असावे. पुरानंतर दिलेली मदत गावाला उभे करते. पुरापूर्वी दिलेली तयारी त्याला आपला निर्णय आपण घेऊ देते.